तुइलामास्तरांची गाडी

आपिया शहरातल्या दवाखान्यात तुइलामास्तर पुस्तकात डोकं घालून बसले होते. पाठीमागच्या बाकावर दोघी बहिणी बोलत होत्या.

"तुझं वजन उतरल्याशिवाय डॉक्टर तुझी किडनी मला बसवणार नाहीत, लोसा."

"रोज सकाळी चालायला निघते गं, ताई."

"मग?"

"वळणावर तुइलामास्तर गाडी थांबवतात. 'बस पोरी' म्हणतात. वडीलधाऱ्यांना नाही कसं म्हणू?"

"म्हणजे चालतेस कुठवर?"

"गाडीपर्यंत."

ताई हसली. "खरं सांग ना त्यांना."

"लाज वाटते. किती मायेनं थांबतात."

मास्तरांनी पान उलटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी वळणावर ते गाडीतून उतरले.

"गाडी बंद पडली, पोरी," ते खाली बघत म्हणाले. "चालावं लागणार."

मागं इंजिन घुरघुरतच होतं. लोसा गाडीकडे न बघता चालू लागली.