कंसातलं नाव

कॉनेमारातल्या चर्चच्या कचेरीपुढची रांग अशी थिजली होती, की तिच्यात उभ्याउभ्या माणसाला दाढी फुटावी. गावातल्याच फेस्टी म्हाताऱ्यानं मग पुढच्या दोघी डब्लिनकर बहिणींच्या बोलण्याला कान लावला.

"बाप्तिस्म्याच्या वहीचं नेमकं तेच पान उंदरांनी खाल्लं म्हणे!"

"फिनोला, हळू बोल गं."

"का हळू? उद्या पाथरवट येणार. खापरपणजोबांच्या आईचं नाव थडग्यावर कोरायचंय, आणि ते कुठेच नाही! सरकारच्या जमीनवहीत डुकरांचं खोपटसुद्धा लिहिलंय, आई नाही!"

"खापरपणजोबा तरी आहेत ना?"

"आहेत, पण कसे? 'मार्टिन वॉल्श', आणि पुढे कंसात बाईचं नाव, 'बार्बरा'! मेल्या कारकुनानं चांगल्या मिशाळ माणसाची टिंगल केलीय!"

फेस्टीला राहवेना. "टिंगल कसली, पोरी? गावात मार्टिन वॉल्श होते सहा. ज्याला विधवा आईनं वाढवलं, त्याला तिच्या नावानं ओळखायचे. बार्बराचा मार्टिन."

"म्हणजे बार्बरा त्यांची आई?"

"मग कोण? तुमच्या इथल्या जुन्या घराला आम्ही अजून बार्बराचं घरच म्हणतो."

"अरे देवा! बाबांना कुणी 'बार्बराचा कोलम' म्हटलं, म्हणून त्यांनी इथल्या दोघांची नाकं फोडली होती!"

"त्यातलं एक हे बघ." फेस्टीनं आपलं वाकडं नाक पुढे केलं.

"फिनोला, आता गं?"

"आता काय? चांगलं ठसठशीत कोरायला सांगते. बाबा चिडले तर चिडू देत. तिच्या शेजारीच पुरलंय त्यांना, बघू आता कुणाचं नाक फोडतात!"