पाहणीपर्यंतचे टोमॅटो

अनुदानाच्या कचेरीबाहेर दोन शाळांच्या दोन बाई ताटकळत बसल्या होत्या. दाराशी बसलेल्या शिपायाचे कान तिकडेच होते.

"काय बाई, तुमच्या शाळेतली पोषणाची बाग कशी आहे?" एकीने दुसरीला विचारलं.

"टोमॅटो नुसते लालभडक झालेत! उद्या साहेब बघून गेले की पुढचं अनुदान पक्कं."

"मुलं आवडीने खात असतील."

"खातात कसली! पाहणी होईपर्यंत हात लावायचा नाही, अशी तंबीच दिलीय."

"आणि ऐकतात?"

"एकीने खाल्लाच. मग पोषणाच्या वहीत शंभर वेळा लिहायला लावलं, 'मी टोमॅटो खाणार नाही.'"

"अगंबाई! साहेब उद्या वह्याही बघतील ना?"

"म्हणून तर तिचीच सगळ्यात वर ठेवलीय. अक्षर काय सुरेख आहे हो पोरीचं!"