विजारीचा डावा पाय

...न्हाई न्हाई, तुमीच सांगा मंडळी, ह्येला काय न्याव म्हणायचा का? कंबर त्येची बी वाकडी, कंबर माझी बी वाकडी, पर सलाम कुणाला? त्येला!

त्यो म्हंजी सोनबा, माझा साडू. आमी दोघं मोशीचे, पिंपरीच्या नव्या कारखान्यात संगटच पहारेकरी लागलो. आजवर धोतरात समदं झाकलेलं वो! कारखान्यानं खाकी विजार दिली आन् पडलो की उघडा... डावा पाय घोट्याच्या वर, उजवा मातीत! तसाच गेलो ज्योतीराम शिंप्याकडं, म्हणलं तुझी कात्री दारू पिती का? त्यो म्हणतोय कसा, "कापड सरळ हाय मालोजी, तुमीच तिरकं हायसा!" आन् दिला डावा पाय उसवून लांब करून.

मग गेलो डाक्टरकडं. त्येनं कमरेच्या हाडावर दोन अंगठं टेकवलं. "नांगर किती वर्षं धरलात?" म्हणलं, वीस. "एक पाय नांगराच्या चरात, एक वर! डावं हाड वर चढलंय, म्हणून खांदा पडलाय." म्हणलं, आन् सोनबा? त्यो कसा ताठ? डाक्टर हासला, "अहो, त्यांचं हाड पुढं कललंय. म्हणून पोट पुढं, बूड मागं, छाती वर. पाठ त्यांचीही दुखणार!"

ऐकलंत? दुखणं हाय त्ये! आन् कारखान्याच्या सायबाला वाटतोय रुबाब! सोनबा मोठ्या गेटावर शिट्टी फुकतोय, मोटारी थांबवतोय, आन् मी मागं भंगारापाशी कुत्री हाकतोय! घरी बायकू, शालन, "आमचं दाजी बघा कसं उभं ऱ्हात्यात!" अगं, बूड मागं हाय त्येचं! कंबर त्येची बी वाकडी, कंबर माझी बी... जळतो का मी? व्हय, जळतो! आख्खा जळतो!

तेवढ्यात कळलं, दुसऱ्या गेटाला माणूस निवडणार, सरळ उभा ऱ्हाणारा. मग काय, डाक्टरनं सांगितलं तसं तीन म्हैनं रोज उताणा पडून गुडघं छातीला! शालन पदर तोंडात घालून हासायची, हासू दे म्हणलं. आन् झालो की वो सरळ! डाक्टरनं सोता अंगठं लावून सांगितलं, एकदम सरळ!

निवडीच्या दिशी उभा राह्यलो, छाती काढून. सायेब आला, खाली बघितलं... ज्योतीरामानं लांब केलेला डावा पाय मातीत, उजवा घोट्यावर! "टेढा खडा है! सोनबा को देखो!"

आता ज्योतीरामाकडं परत कुठल्या तोंडानं जाऊ? नवी विजार वर्सानं मिळणार. तवर भंगारापाशी मुद्दाम वाकडा उभा ऱ्हातो बगा... मी न्हाई तर न्हाई, विजार तरी सरळ दिसती.