कण्हेरीचा ढीग

थांबा भाऊ, ती छाटलेली कण्हेर भिंतीपाशी नका रचू — माझ्या खड्ड्यात आणा. अहो, लाजता काय, शेजारी ना आता आपण? पाला खाली, वर शेणाचा काला, वर माती — ओल ठेवली की खत होतंय. ते फुलझाडांना घालायचं, भाजीला नाही. जाड फांद्या बांधून घंटागाडीत द्या. बकरीपुढं टाकायची नाही अन् पेटवायची तर नाहीच — धूर वाईट तिचा. काय? बठ्ठेच पेटवतात? सगळेच पेटवतात ना. तुमच्या आधी त्या घरात योगराज होता, तोही पेटवायचा. गोडीत सांगून पाहिलं, हात जोडले — हसायचा, म्हणे पाल्याला कोण विचारतं, प्रेमराजभाऊ.

मग मे महिना. जळगावची दुपार तुम्हाला काय सांगायची — कूलरशिवाय माणूस शिजतो. बायको आमची, सारिका, आत झोपलेली, दम्याची बाई. कूलर त्या खिडकीत, पाठ तुमच्याकडं. कूलर काय करतो? बाहेरची हवा आत ओढतो. अन् ह्यानं बरोबर त्याच्या मागं हीच कण्हेर पेटवून दिली. मी कामावरून आलो तर खोलीत धूरच धूर — ही फरशीवर, ओठ निळे, माझा पाय धरलेला. मी पाय सोडवला. सोडवला अन् पाला ओढायचं दाताळं घेऊन भिंतीवरून उडी मारली. पहिला फटका पाठीत, दुसरा तोंडावर — दात पडले त्याचे, तिथंच, तुम्ही उभे आहात तिथं. मग हात धरला त्याचा, ज्या हातानं काडी लावली तो, अन् घातला ढिगात. सोड रे भो, सोड रे भो — ओरडत होता. मी नाही सोडला. कातडी उलली तरी नाही सोडला. बरं वाटत होतं मला, खोटं कशाला बोलू.

सारिका? वाचली ना. समोरच्या मेघावहिनींनी रिक्षात घालून नेली. मी? — मी सांगितलं ना, मी इकडं होतो. ती हाका मारत होती म्हणे. श्वास नव्हता तर हाका कशा मारील, तुम्हीच सांगा. पण ती तेच धरून बसलीय — मी मरत होते अन् तुम्ही त्याला मारत होते. अहो, कोणासाठी मारत होतो मी? कोणासाठी?

ऐकलं? कडी लावली तिनं आतून. माझा आवाज चढला की लावते. धुराला इतकी भीत नाही ती.

बिडी काढता का? ठेवा. माचिस आत ठेवा भाऊ. ठेवा म्हटलं ना.

जा तुम्ही आता. ढीग राहू द्या, मी पुरतो.