कर्नलच्या जागेतली ओळ

—आधी हात काढा त्याच्यावरनं. पुसायचं म्हंजे काय पुसायचं? सरांनी मशीन विकलं, ठीक हाय, त्यांचं हाय. तुमी पुण्यावरनं ते पुसून न्यायला आलात, तुमचं काम. पण या कंप्युटरच्या क्लासात चार वर्सं मी झाडलोट करतीया, आन या एका मशीनचं बटण रोज सकाळी मीच दाबते—सर यायच्या आधी. त्यांना ठावं न्हाय. सांगा खुशाल, आक्काबाई असं करती म्हणून.

का म्हंजे? त्यात माझ्या पोरीचं हाय. मेघनाचं. हितंच शिकली ती—मी झाडायचं, तिनं फुकट शिकायचं, असं ठरलं हुतं. चौथी शिकलेल्या बाईची पोर, पण सरांच्या चुका काढायची! तिनंच मला समजावलं. हसू नका. मशीन सुरू झालं की पहिला कर्नल येऊन मेमरीत बसतो—पलटणीतला न्हवं, समद्या प्रोग्रामांचा मुकादम. त्याच्या जागेत कुणाला शिरकाव न्हाय. बाकीच्या प्रोग्रामांनी त्याला इचारून यायचं, त्यानं नेमून दिलं तेवढ्यातच ऱ्हायचं. दुसऱ्याच्या जागेत पाय टाकला की तितल्या तितं बाद. आई, अगदी तुझ्यासारखा हाय बघ, म्हणायची मेली.

आन म्हणली, तुझ्यासाठी एक ओळ मी त्याच्याच जागेत बसवलीया, क्लासातली पोरं काय बी बडवू द्यात, तिला धक्का न्हाय. मशीन सुरू हुताना ती पांढरी अक्षरं वर पळत जातात का न्हाय, त्यात येती—आई, चहा घेतलास का. अक्षरं इंग्रजी, बोल मराठी. मला इंग्रजी कुठलं आलंय, पण ती ओळ बरोबर वळखते. घटकाभर दिसती, वर जाती. मग मी चहा पिते. म्हणून म्हणते, ती राखलेली हाय, तुमच्यानं पुसायची न्हाय, पण उगं—

काय?

मेमरीत कायच ऱ्हात न्हाय? वीज गेली की रिकामी? अवो, हितं दिसातनं चारदा वीज जाती! मग रोज दिसती ती कुठनं येती?... डिस्कवरनं. रोज उचलून आणायची, रोज नव्यानं बसवायची. आन तुमी तीच डिस्क पुसणार. मला वाटलं, एकदा बसली म्हंजे बसली, आपून नुसतं बघायचं. दोन वर्सं तेवढ्यावर काढली की मी.

पोर व्हय? बंगळूरला असती. नोकरी. पत्रं येतात की—न्हाय, न्हाय येत. तुमाला कशाला खोटं सांगू, तुमी उद्या पुण्यात. बावड्याच्या जोतीरामला मी तिच्या लग्नाचा शब्द दिला हुता, त्याच्या पोरासाठी. मला इचारून दिलास का, म्हणली. तवर हिनं नोकरी धरलेली, तिकीट काढलेलं. शहाण्णव साल. एसटी स्टँडवर समद्या लोकांदेखत मी म्हणलं, गाडीत चढलीस तर माझ्या दारात पाय ठेवायचा न्हाय. चढली. न्हाय ठेवला पाय. माझीच पोर हाय, दुसऱ्याची न्हाय.

पहिल्या साली तीन पत्रं आली. फोडली न्हाईत. का काय का? कशाला फोडू? ती हितं हाय, रोज सकाळी इचारती, मग कागदात नवं काय असणार? आन म्यां फोडलं म्हंजे म्यां पडतं घेतलं. चौथं आलंच न्हाय. मी म्हणलं, नको येऊ दे, ओळ तर हाय.

फ्लॉपीत काढून देता? चांगलं मन हाय तुमचं, पण मी ती घालू कशात, पिठाच्या डब्यात? मशीन न्हाय तर तिला आणून बसवणार कोण? नको. पुसा.

पुसा म्हणलं ना, पण आत्ता न्हाय. आधी बाहेर जावा जरा. ही पिशवीतच हायत तिन्ही पत्रं, डब्याच्या खाली, तेल लागलंय एकाला. न्हाय, वाचून दाखवू नका, मराठी येतं मला वाचता, सावकाश येतं. टपरीवर जाऊन बसा तुमी. किती येळ म्हंजे? लागंल तेवढा. जावा. आन दार वढून घ्या.