मावशींचा फॉर्म

हॅलो?… हो, विद्यापीठच. पाहणी विभाग… कोण? जरा मोठ्यानं बोला, इथं प्रिंटर चालूय… अगं बाई, भावजी! किती महिन्यांनी हो! जेवता ना वेळेवर?…

पत्र? आमच्याकडून?… वाचा बरं… "विद्यापीठाचं ध्येय सर्वांत उत्तम समजलेल्या कर्मचारी म्हणून…" आणि नाव?… तुमच्या बायकोचं?… थांबा. दार लावून घेते.

हां… नाही हो, गेलेल्या माणसाची चेष्टा कोण करेल?… यादी जुनी आहे, भावजी. आठ महिने झाले, लायब्ररीच्या यादीतून तिचं, पोरांच्या मावशींचं, नाव कुणी काढलंच नाही…

हो, फॉर्म भरल्याची तारीख गेल्या महिन्याचीच… छे छे, असलं मनात आणू नका! ती कुठून येणार?… अहो, रडू नका. ऐका ना… मी भरला तो पाहणीचा फॉर्म. हो, मीच! एकही फॉर्म कमी पडायला नको, असा साहेबांचा हुकूम. राहिलेले दरवर्षी आम्हीच भरतो. तिचा हाती आला नि… भरला.

सही? तिचीच… नाही, बघून नाही केली. एकोणीस वर्षं एकाच मस्टरवर तिच्या सहीखाली माझी सही. पेन टेकवलं, आपोआप उमटली. तेव्हापासून झोप उडालीय माझी. लायब्ररीकडं बघवत नाही…

काय लिहिलं?… 'ध्येय म्हणजे काय' असा रकाना होता. प्राध्यापकांनी दारावरच्या पाटीवरचं वाक्यच उतरवून काढलंय. तीनशे फॉर्म, काना-मात्रेचा फरक नाही! कुलगुरूंचं तर नुसतं 'सहमत'… तिचं होय? ती म्हणायची तेच. "शेवटचं पोर उठल्याशिवाय मी उठणार नाही."

हो… म्हणूनच उशीर व्हायचा तिला… रागवायचात, ठाऊक आहे मला… त्या दिवशी पण?… काय म्हणालात?… "तिथंच राहा, घरी येऊ नकोस"… अहो भावजी… नाही हो, तुमच्या बोलण्यानं नाही गेली ती… काउंटरवर बसल्या बसल्या. समोर एक मुलगी वाचत होती. तिला वाटलं, मावशींचा डोळा लागलाय. बिचारी पुस्तक संपवूनच उठली…

चुकलंच माझं. साहेबांना खरं सांगते, नोकरी जाईना का! आजच नाव काढायला लावते यादीतून… काय?… नको?…

अहो, पण मग पुढच्या वर्षी पुन्हा येईल फॉर्म तिच्या नावाचा…

बरं… बरं, भावजी. भरीन… हो, तेच लिहीन… हॅलो?… हॅलो?