मठाच्या भिंतीतलं भोक

आमचे मोठे साहेब वसईचा किल्ला बघायला आले होते, ते सांगितलंय का तुम्हाला? मी इथल्याच पापडी गावचा, म्हणजे मला सगळा इतिहास पाठ असणार, असं त्यांनीच ठरवून टाकलं. पाचूबंदराच्या सुक्या मासळीच्या वासानं त्यांनी जे नाक धरलं, ते किल्ल्यातल्या पडक्या ख्रिस्ती मठापाशी येऊनच सोडलं. तिथं भिंतीला एक भोक होतं.

"फ्रान्सिस, हे काय?"

मला काय ठाऊक! पण माझी बढती अडकली होती ना. दिलं ठोकून, "सर, इथून संन्यासी पापांची कबुली द्यायचे. पलीकडे बसून फादर ऐकायचे."

साहेब एकदम गंभीर झाले. मला लांब उभं केलं आणि भोकाला तोंड लावून चांगली पाच मिनिटं पुटपुटले.

पलीकडून आवाज आला, "झालं ना? आता तोंड काढा, बांबू घालायचाय!"

साहेब पळत जाऊन गाडीत बसले. मी भिंतीला वळसा घातला, तर एक कोळीण मावशी बांबूवर बोंबील वाळत घालायच्या तयारीत.

"भोक माझ्या सासूनं पाडलंय," ती म्हणाली. "पन काय रे, हा फ्रान्सिस कोन? त्याची बढती आपल्या भाच्याला दिली म्हनून रडत होता तुझा साहेब."

"मीच तो, मावशी."

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि ओंजळभर सुके बोंबील माझ्या हातात कोंबले.

"जा, प्रायश्चित्त म्हनून सगळे खायला लाव त्याला. सांग, फादरनी सांगितलंय."